मोकळीक कोणाची?

२०२४ च्या मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचे प्रकल्प तपासायला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका गटाचा विषय मला विशेष आवडला. कपाशीच्या पानाचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र संगणकाला द्यायचे आणि पानावरच्या डागांवरून रोग ओळखायचा. शेतात काढलेले चित्र बरेचदा हललेले असते, त्यात उन्हाची तिरीप असते; म्हणून ते आधी स्वच्छ करावे लागते. स्वच्छ करण्याचे हे अवघड काम गटातल्या एकुलत्या एका मुलीने केले होते, हे प्रकल्पाच्या वहीवरून उघड दिसत होते. सादरीकरणाच्या वेळी मात्र ती मागे उभी होती आणि तिच्या कामाविषयी मुलगे बोलत होते. तेवढ्यात पडद्यावर चाचणीचे चित्र आले. पिसांची टोपी घातलेली, उघड्या खांद्यावरून मागे वळून पाहणारी एक तरुणी. मुलांत खसखस पिकली. मी त्या मुलीला दोन प्रश्न विचारले. तिने खाली पाहत दोन्हींची नेमकी उत्तरे दिली.

चित्र माझ्या चांगल्या ओळखीचे होते. माझ्या प्रबंधातही ते आहे.

संगणकाने चित्रांवर संस्कार करण्याचे शास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाने ‘लेना’ पाहिलेली असते. १९७३ साली अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अलेक्झांडर सॉचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चाचणीसाठी एक नवे चित्र हवे होते. कोणीतरी ‘प्लेबॉय’ मासिकाचा नोव्हेंबर १९७२ चा अंक घेऊन आले. त्यातल्या मधल्या पानावरील नग्न छायाचित्राचा खांद्यापर्यंतचा भाग घेऊन त्याचे ५१२ गुणिले ५१२ बिंदू केले गेले. ते चित्र पुढे पन्नास वर्षे जगभर फिरले. चित्र दाबून लहान करायचे असो, त्यातले दाणे काढायचे असोत वा कडा शोधायच्या असोत, पद्धत कोणतीही असली तरी चाचणी लेनावर.

शास्त्रीय दृष्ट्या ते चित्र चांगले आहे, हे मान्य करायला हवे. त्यात पिसांचा बारीक तपशील आहे, त्वचेचा सपाट भाग आहे, छायाप्रकाशाचे सावकाश होणारे बदल आहेत. पण याच कामासाठी ढोबळ्या मिरच्यांचे आणि एका माकडाच्या चेहऱ्याचेही चित्र प्रसिद्ध आहे आणि त्यांतही हे गुण आहेत. मग लेनाच का? या विषयाच्या एका प्रमुख नियतकालिकाचे संपादक डेव्हिड मन्सन यांनी जानेवारी १९९६ मध्ये याचे सरळ उत्तर देऊन टाकले होते: तपशील आणि छटा हे एक कारण, आणि चित्र आकर्षक स्त्रीचे आहे हे दुसरे, संशोधकांत बहुसंख्य पुरुष असल्यामुळे तेच निवडले गेले यात नवल नाही. पुढे २०१३ मध्ये डिॲना नीडेल आणि रेचेल वॉर्ड या दोन गणितज्ञ स्त्रियांनी आपल्या शोधनिबंधात फाबिओ नावाच्या पुरुष मॉडेलचे चित्र वापरले. गणित काही बिघडले नाही.

परीक्षा आटोपल्यावर चहा घेताना मी या चित्राचा विषय काढला. एक तरुण प्राध्यापक हसून म्हणाले, “सर, तुम्ही पण सोवळे नेसायला लागलात का? ही मुले मोकळ्या मनाची आहेत. र. धों. कर्व्यांच्या महाराष्ट्रात आपण एका खांद्याला घाबरायचे?”

हा युक्तिवाद मी संगणकवेड्या मंडळींकडून अनेकदा ऐकला आहे. आक्षेप घेणारा तो मागासलेला आणि हसणारा तो मुक्त, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून कर्व्यांचा आधार कितपत टिकतो ते पाहू.

कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रे असत, हे खरे आहे. (नेहमी स्त्रियांचीच का, हा प्रश्न त्यांनाही विचारता येईल.) त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. परंतु कामजीवनात स्त्रीला पुरुषाइतकाच अधिकार आहे आणि मूल केव्हा व्हावे हे तिच्या हाती असले पाहिजे, हा कर्व्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. स्त्री तिथे निर्णय घेणारी होती. आणि त्या मोकळेपणाची किंमत कर्व्यांनी स्वतःच्या खिशातून भरली. आमच्या सादरीकरणात मोकळेपणा मुलांनी उपभोगला आणि किंमत मागे उभ्या असलेल्या मुलीने दिली. हिला कर्व्यांचा वारसा म्हणणे म्हणजे कर्वे न वाचणे होय.

“तिला कोणी अडवले होते?” असेही ते प्राध्यापक म्हणाले. तिला कोणी अडवले नव्हते, हे खरेच. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना अडवले गेले होते. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या या मुलीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केवळ मुलगी म्हणून, संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. सत्याग्रहाचा पवित्रा घेतल्यावर तो मिळाला, पण एक वर्ष परीक्षेचे, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये ही अट. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली; पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालकही झाल्या. १९३३ मध्ये पुरुषांचे लक्ष विचलित होईल म्हणून स्त्री प्रयोगशाळेबाहेर हवी होती. चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत पुरुषांनीच स्त्रीचे चित्र आत आणले. दोन्हींत प्रयोगशाळा कोणाची, याविषयी संशय नाही.

लेना फोर्सेन यांनीच २०१९ च्या ‘लूझिंग लेना’ या माहितीपटात आपल्याला आता तंत्रज्ञानातूनही निवृत्त करा असे सुचवले. आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संघटनेच्या संगणक शाखेने १ एप्रिल २०२४ पासून हे चित्र असलेले नवे शोधनिबंध घेणे बंद केले. आमच्याकडची टिपणे जुनी असतात, शिक्षकही तीच पुढे देतात. मीही पुढे दिली आहेत.

शाळेच्या संगणक कक्षात एका यंत्रापुढे चार मुले बसतात, तेव्हा माऊस कोणाच्या हातात असतो आणि “तुझे अक्षर चांगले आहे” म्हणून वही कोणाकडे जाते, हे शिक्षकांनी एक आठवडा नुसते टिपून पाहावे. वर्ग सर्वांना खुला आहे, एवढे म्हणून भागत नाही.

त्या मुलीची वही मी पुन्हा चाळली. शेवटून दुसऱ्या पानावर तिने तेच गणित फुटलेल्या बोंडाच्या छायाचित्रावर करून पाहिले होते. कापसाचा मऊ, जवळजवळ सपाट पांढरा भाग, कडेचे सुटे धागे आणि वाळलेल्या पाकळीची खरखरीत किनार. चाचणीला हवे ते सारे त्यात होते आणि उत्तरेही चांगली आली होती. ते चित्र सादरीकरणात का घेतले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, “सर, ते ठरवताना मला विचारलं नाही.”