99.8 टक्के अचूक, आणि तरी भंडाऱ्याचं गिऱ्हाईक बाहेर

ऑनलाइन फसवणूक ओळखण्यावरचा पेपर उघडला की बऱ्याचदा एकच डेटासेट भेटतो. सप्टेंबर 2013 मधले दोन दिवस, युरोपातले कार्डधारक, 2,84,807 व्यवहार आणि त्यांतले 492 फसवे. ब्रसेल्सच्या युनिव्हर्सिटे लिब्र द ब्रुसेलच्या संशोधकांनी तो खुला केला, ही मोठीच गोष्ट. बँका असा डेटा सहसा कोणाला देत नाहीत. पण त्यानंतर जे घडत गेलं त्यावर आज थोडं बोलायचं आहे. कारण परवा वेब होस्टिंगच्या ऑर्डरींसाठी फसवणूक ओळखणारी एक पद्धत वाचत होतो, तीही या डेटासेटवर तपासलेली निघाली. होस्टिंगची एकही ऑर्डर त्यात नाही.

आधी अचूकतेचं बघू. 492 भागिले 2,84,807 म्हणजे साधारण 0.17 टक्के. सगळ्याच व्यवहारांना डोळे मिटून 'चांगला' म्हणणारा माणूस 99.83 टक्के अचूक ठरतो. म्हणजे 'आमचं मॉडेल 99.8 टक्के अचूक' या वाक्यातून वाचकाला काहीही कळत नाही. हे जाणकारांना माहीत नाही असं नाही. साइतो आणि रेम्समायर यांनी 2015 मध्येच दाखवून दिलं की असा असमतोल असेल तेव्हा आरओसी आलेख फसवतो, प्रिसिजन-रिकॉल आलेख बघावा. तरी सारांशात तोच 99 चा आकडा येतो. का येतो, ते पीएचडी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

आता होस्टिंगचा धंदा म्हणजे काय, ते थोडक्यात. साकोली किंवा तुमसरचा एखादा पोरगा मोठ्या कंपनीकडून रिसेलर खातं घेतो, त्याचे लहान लहान तुकडे करतो आणि तांदळाची गिरणी, शाळा, कोसा साड्यांचा दुकानदार अशांना वर्षाला दीड-दोन हजारांत विकतो. सोबत एक डोमेन. या धंद्याची भारतातली मोठी गोष्ट मुंबईची आहे. 1998 मध्ये सुरू झालेली डायरेक्टी आणि तिचं रिसेलरक्लब. 2014 मध्ये अमेरिकेच्या एन्ड्युरन्सने तो धंदा विकत घेतला. याच डायरेक्टीकडे 2008 मध्ये आयकॅनने एस्टडोमेन्स या रजिस्ट्रारची अडीच लाखांहून जास्त डोमेनं सोपवली होती. एस्टडोमेन्सची मान्यता काढून घेतली, कारण तिच्या प्रमुखाला इस्टोनियात क्रेडिट कार्ड फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. म्हणजे चोरीचं कार्ड आणि डोमेन-होस्टिंग यांचं नातं जुनं आहे.

चोराला होस्टिंग का आवडतं? कुरियरचा पत्ता लागत नाही. पैसे भरले की पाच मिनिटांत माल हातात. आणि तो माल पुढच्या चोरीचं हत्यार असतो: बँकेचं खोटं लॉगिन पान टाका, नाहीतर लाखभर स्पॅम मेल सोडा.

इथे तो डेटासेट पुरता पडत नाही. त्यात 28 स्तंभ गणिती रूपांतर करून झाकलेले आहेत, मूळ रूपात फक्त वेळ आणि रक्कम. त्यामुळे 'नुकसान किती' असं विचारलं की संशोधक रक्कम धरतो. चार्ल्स एल्कनच्या 2001 च्या पेपरपासून आपण शिकत आलो की प्रत्येक चुकीची किंमत वेगळी असते, ती मॉडेलमध्ये घ्या. घ्या, पण कोणती? दीड हजारांच्या ऑर्डरवर रिसेलरचं नुकसान दीड हजार नसतं. कार्डवाल्याने तक्रार केली की पैसे परत जातात, वर बँकेचा दंड. डॉट कॉमची फी पाच दिवसांनंतर परत मिळत नाही. हे सगळं मिळून सोसता येईल. पण त्या खात्यातून स्पॅम गेला आणि सर्व्हरचा आयपी स्पॅमहॉसच्या काळ्या यादीत गेला, की त्याच आयपीवरच्या बाकी सगळ्यांच्या मेल अडकल्या. गिरणीवाल्याचं कोटेशन पोचत नाही. तो रिसेलरलाच शिव्या घालणार. हे नुकसान 'रक्कम' या स्तंभात कुठेच बसत नाही.

दुसरी बाजू जास्त टोचते. अशा पद्धतींतला आवडता नियम म्हणजे आयपीवरून कळलेली जागा आणि बिलाचा पत्ता यांतलं अंतर. जितकं अंतर, तितका संशय. अमेरिकेत घरच्या ब्रॉडबँडवर हे बरं चालत असेल. भंडाऱ्यात बहुतेकांचं इंटरनेट मोबाइलचं. कंपनी एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते, आणि तो आयपी कधी नागपूरचा दिसतो, कधी मुंबईचा, कधी दिल्लीचा. माणूस मात्र लाखांदूरला घरी बसलेला असतो. शेजारच्या कोणी त्याच आयपीवरून काही उद्योग केला असेल तर त्याचा डागही यालाच. अंतराच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा, याचं नामी उदाहरण अमेरिकेतलंच आहे. मॅक्समाइंड या कंपनीच्या यादीत 'अमेरिकेत कुठेतरी' एवढंच माहीत असलेले आयपी देशाच्या मध्याजवळच्या एका बिंदूवर टाकलेले होते. तो बिंदू निघाला कॅन्ससमधल्या एका शेतावर. त्या घरी वर्षानुवर्षं पोलीस आणि चिडलेले लोक येत राहिले. 2016 मध्ये बातमी आल्यावर बिंदू हलवला.

पत्त्याचंही तसंच. कार्डाचा पत्ता जुळवून बघणारी व्यवस्था मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटनची. आपल्याकडे 'मु. पो., ता., जि.' असा पत्ता. घर क्रमांक असेलच असं नाही. पवनीचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याआधीच्या कागदांवर आमगाव-तिरोड्याच्या माणसाचा जिल्हा भंडाराच. यंत्राला हे सगळं 'न जुळणारं' दिसतं.

आता हिशेब करून बघू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. हजार ऑर्डरींत 20 फसव्या. गाळणी चांगली आहे: 20 पैकी 18 पकडते, आणि चांगल्या 980 पैकी फक्त 5 टक्क्यांवर चुकून बोट ठेवते. ते झाले 49. म्हणजे अडवलेल्या 67 ऑर्डरींपैकी 49 प्रामाणिक. हे 49 सगळीकडून सारखे आले असते तर एक वेळ चाललं असतं. पण वरच्या नियमांमुळे ते भंडारा, गडचिरोली अशा ठिकाणांहूनच जास्त येणार.

आणि खरी गोम पुढे आहे. नाकारलेल्या ऑर्डरचा निकाल कधीच लागत नाही. मोहाडीच्या साडीवाल्याला 'संशयास्पद' म्हणून परत पाठवलं, तो प्रामाणिक होता ही नोंद कुठे होणार? कुठेच नाही. पुढच्या वर्षी मॉडेल पुन्हा शिकवलं तर त्या भागातून आलेल्या चांगल्या ऑर्डरी डेटात कमीच दिसतात. बरं, स्वीकारलेल्या ऑर्डरचा निकालही उशिरा लागतो. कार्डाची तक्रार यायला चार महिनेही लागू शकतात. दाल पोझोलो आणि सहकाऱ्यांनी 2018 च्या पेपरमध्ये हा उशीर आणि बदलत जाणारी फसवणूक दोन्ही गंभीरपणे हाताळलं. त्यांचाच खुला डेटासेट वापरणारे तो पेपर वाचत का नाहीत, कोण जाणे.

भारतापुरतं आणखी एक. रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी पडताळणी सक्तीची केली. त्यामुळे ओटीपीने आलेली देशी ऑर्डर आणि ओटीपीशिवाय आलेली परदेशी कार्डाची ऑर्डर या दोन वेगळ्याच जाती आहेत. दोन्हींवर एकच गाळणी लावणं म्हणजे धान आणि गहू एकाच चाळणीतून काढणं. यूपीआयने तर प्रश्नच बदलला. तिथे चोर कार्ड चोरत नाही, माणसाला फसवून पैसे काढतो आणि त्यातले काही होस्टिंगवर उडवतो. फसलेला माणूस 1930 वर फोन करतो, पैशाचा माग निघतो, आणि रिसेलरच्या चालू खात्यावर बँक रोख लावते. दीड हजारांसाठी अख्खं खातं अडकतं. आयपीच्या अंतराने हे पकडता येईल? ऑर्डर देणारा भंडाऱ्यातलाच असू शकतो.

माझी खरी तक्रार प्रश्न मांडण्याच्या पद्धतीवर आहे. स्वीकारा की नाकारा, एवढे दोनच पर्याय मॉडेलला देतो आपण. रिसेलरकडे मधले पर्याय कितीतरी असतात. साइट लगेच चालू करा, पण पहिले दोन-तीन दिवस तासाला वीस-पंचवीसच मेल जाऊ द्या. डोमेन नोंदवण्याआधी एक फोन करा. व्हर्च्युअल सर्व्हर देत असाल तर ग्राहकाचं पडताळलेलं नाव-पत्ता पाच वर्षं ठेवणं सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने तसंही बंधनकारक आहे, मग ती पडताळणी नीट करा. अंधुक संशयावर गिऱ्हाईक हाकलण्यापेक्षा यातलं काहीही स्वस्त पडतं. एकटा माणूस दिवसाला पाच-सहा फोन करू शकतो. तेव्हा मॉडेलने सांगावं ते एवढंच, की आज कोणत्या पाच-सहा जणांना फोन करू. त्या यादीत खरे चोर किती निघाले आणि भंडाऱ्याचे प्रामाणिक किती, हे दोन आकडे पेपरात दिले तर 99.8 वाला आकडा छापला नाही तरी माझी काही हरकत नाही.