गोठ्यातली सुई कोणाची?

मोरगावला तुम्ही आला असाल तर बहुतेक मयूरेश्वराच्या दर्शनाला. देवळाकडून वस्त्यांकडे वळलं की जिरायती शिवार लागतं आणि घराशेजारी बांधलेल्या गायी दिसतात. माझं पीएचडीचं काम या गोठ्यांत चालतं. विषय सांगितला की लोक हसतात. दवाखान्याचा कचरा शोधायला गोठ्यात कशाला?

मागच्या पावसाळ्यात एका गोठ्यात गाय आजारी होती. डॉक्टर मोटारसायकलवरून आले, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, गेले. सुई, नळी, बाटली तिथंच. मावशींनी विचारलं, "ताई, हे टाकू कुठं?" मी काही बोलायच्या आत सगळं उकिरड्यावर गेलंसुद्धा. त्याच उकिरड्याचं पुढं शेणखत होतं, ते रानात पसरतात, आणि पसरणाऱ्या बायकांच्या पायात चप्पल असतेच असं नाही.

आता 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम काढून बघा. वाईट नाहीत ते. 1998 च्या नियमांत महिन्याला हजारपेक्षा कमी रुग्ण पाहणाऱ्या दवाखान्यांना परवानगी घ्यावी लागत नव्हती. ती पळवाट 2016 ने बंद केली. रंगही सरळ आहेत: रक्तानं माखलेला कापूस पिवळ्यात, सलाईनची नळी लाल पिशवीत, काच निळ्यात, आणि सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्तानं माखलेल्या कापसासारखा कचरा प्रक्रिया न करता 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. पशुवैद्यकीय संस्था आणि लसीकरण शिबिरंसुद्धा यात नावानिशी आहेत.

मग अडतं कुठं? जबाबदारी टाकलीय भोगवटादारावर, म्हणजे ज्याच्या हातात संस्थेचा आणि जागेचा कारभार आहे त्याच्यावर. दवाखान्यात दोन्ही एकाच माणसाकडे असतात. गोठ्यात इंजेक्शन डॉक्टरांचं, जागा मावशींची! नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर चार भिंती होत्या आणि भिंतीपाशी चार बादल्या. जनावर दवाखान्यात जात नाही, दवाखाना जनावराकडे येतो, हे त्यात बसतच नाही. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात धरल्या खऱ्या, पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते. (घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्या आजोबांचीही हीच गत.)

काही जण म्हणतात, गावात खोल पुरायची मुभा आहे ना? आहे, पण जिथं सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय पोचत नाही तिथंच. त्यातही दोन मीटर खोल खड्डा, चुना, वर जाळी, जनावरं येणार नाहीत अशी जागा. गोठ्याच्या मागं हे कोण करणार?

मला विचाराल तर व्याख्येत एकच वाक्य वाढवावं: टोचणारा सुई परत नेईल. मोटारसायकलच्या डिकीत पांढरा डबा सहज मावतो. मावशींनी तोवर लोणच्याची रिकामी बरणी काढलीय सुयांसाठी. निम्मी भरली आहे.