प्रश्नांचा वाटाड्या

संगणकाच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, एक ओळ टंकायची आणि उत्तर मिळवायचे ही रीत जुनीच आहे. नवा आहे तो पडद्याआड बसलेला वाटाड्या. अलीकडच्या काही मदतनीस आज्ञावल्या आपला प्रश्न एकाच ठरावीक भाषा-प्रारूपाला (म्हणजे एआय मॉडेलला) विचारत नाहीत. त्या आधी प्रश्न चाळतात. तो सोपा वाटला तर लहान, स्वस्त मॉडेलकडे धाडतात आणि अवघड वाटला तर मोठ्या, महागड्या मॉडेलकडे. आपल्याला दिसते ते फक्त उत्तर.

यामागचा हेतू रास्त आहे. मोठ्या मॉडेलला प्रत्येक शब्दामागे कितीतरी अधिक गणिते करावी लागतात, त्यासाठी वीज लागते आणि तिचे बिल शेवटी कोणीतरी भरतेच. कोयनेचा मोठा भूकंप केव्हा झाला (११ डिसेंबर १९६७), एवढेच हवे असेल तर त्यासाठी भली मोठी यंत्रणा हलवण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप काटकसरीला नाही. वाटाड्या काय मोजतो आणि काय मोजत नाही, याला आहे.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला राउट-एलएलएम हा वाटाड्या अभ्यासाला सोयीचा आहे, कारण तो सर्वांना खुला आहे. लोकांनी दोन मॉडेलांच्या उत्तरांतून कोणते पसंत केले याच्या नोंदींवरून तो शिकला. नव्या प्रश्नावर महागडे मॉडेल सरस ठरण्याची शक्यता किती, याचा तो एक आकडा काढतो. हा आकडा ठरवलेल्या उंबरठ्याच्या वर गेला तर प्रश्न मोठ्याकडे, नाहीतर लहानाकडे. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण ठरवावेत तसाच हा उंबरठा; तो निसर्गाने दिलेला नाही, वापरणाऱ्याने ठरवायचा आहे.

या संशोधकांनी दिलेले आकडे शिक्षकांनी मुद्दाम पाहावेत. जीपीटी-४ या मोठ्या मॉडेलची ९५ टक्के गुणवत्ता राखून खर्च किती वाचला? लेखन, तर्क, सामान्य माहिती अशा मिश्र विषयांवरील ८० प्रश्नांच्या चाचणीत ८५ टक्क्यांहून अधिक. पण शालेय अंकगणिताच्या शाब्दिक उदाहरणांच्या चाचणीत मात्र ३५ टक्के. जाहिरातीत अर्थातच पहिला आकडा शोभतो. आमच्या वर्गाच्या उपयोगाचा दुसरा.

एवढा फरक का पडावा? शाब्दिक उदाहरणाची काठिण्यपातळी त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे. सातारा आणि सांगली यांतील अंतर १२० किलोमीटर धरा. दोन्हीकडून एकाच वेळी एकेक एसटी ताशी ४० किलोमीटर वेगाने निघाली, तर त्या दीड तासाने भेटतील. आता सांगलीची गाडी 'अर्ध्या तासाने उशिरा' निघाली, एवढीच भर घाला. वाक्य जवळपास तेच राहते, पण आता पहिली २० किलोमीटर वेगळी काढावी लागतात आणि भेट साताऱ्याची गाडी सुटल्यापासून पावणेदोन तासांनी होते. सातवीतली मुले नेमकी इथे चुकतात, हे गणिताच्या शिक्षकांना सांगायला नको. वरवर पाहणारा वाटाड्या मात्र दोन्ही उदाहरणे एकाच खणात टाकण्याचा संभव आहे.

त्यात आपली मराठी. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन लिपीतले प्रत्येक अक्षर एक बाइट जागा घेते; देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा, तीन बाइट. 'सांगली' हे नाव रोमन लिपीत ६ बाइटांत मावते, देवनागरीत त्याला १८ लागतात. 'सातारा'चेही तेच. म्हणजे लांबीवरून काठिण्य ठरवणारा वाटाड्या मराठीतला साधा प्रश्नही मोठ्याकडे पाठवील. उलट 'सिद्ध करा', 'तुलना करा' यांचे इंग्रजी प्रतिशब्द शोधणाऱ्याला मराठी प्रश्नात काहीच अवघड सापडणार नाही. चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते, आणि मुख्यतः इंग्रजी नोंदींवर शिकलेल्या वाटाड्याकडून दुसरी अपेक्षा करणेही कठीण.

पण ही उणीव भरून निघण्याजोगी आहे. आम्हाला खरी काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. पावसाळ्यात सांगलीत कोणी टंकले, 'कोयनेचे पाणी इथे किती तासांत पोचेल?' अवघे सहा शब्द. दिसायला भूगोलाचा सोपा प्रश्न. प्रत्यक्षात ते किती विसर्ग सोडला, कराडच्या संगमाखाली कृष्णा आधीच किती भरली आहे, हरिपूरला वारणा किती जोरात येते आहे, यांवर अवलंबून आहे. आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. इथे चुकीच्या उत्तराची किंमत घरातल्या सामानाने आणि गोठ्यातल्या जनावरांनी मोजावी लागते. वाटाड्या प्रश्न किती अवघड हे मोजतो. उत्तर चुकले तर काय होईल हे तो मोजतच नाही.

शिवाय या प्रश्नाचे खरे उत्तर लहान वा मोठ्या कोणत्याच मॉडेलच्या पोटात नाही. आजचा विसर्ग पाटबंधारे खात्याला ठाऊक असतो. पण वाटाड्याच्या यादीत सगळी मॉडेलेच असतील, तर 'जिल्ह्याच्या पूरनियंत्रण कक्षाला विचारा' ही वाट त्याला ठाऊकच नसते.

आमच्या भागात दुखणे वाढले की माणसाला मिरजेला नेतात. गावातला अनुभवी डॉक्टर कोणाला तिकडे पाठवतो? ताप जास्त आहे म्हणून तो प्रत्येकाला पाठवत नाही, पण छातीत कळ आली म्हणणारा चालत आला असला तरी त्याला थांबवून ठेवत नाही. शिवाय तो आधी तपासतो. २०२३ मध्ये मांडल्या गेलेल्या फ्रुगल-जीपीटी या पद्धतीत असा एक प्रकार आहे: आधी स्वस्त मॉडेलचे उत्तर घ्यायचे, ते तपासायचे आणि विश्वासार्ह वाटले नाही तरच वरच्याकडे जायचे. वेळ थोडा अधिक लागतो, पण नुसत्या प्रश्नाच्या तोंडवळ्यावरून निवाडा करण्यापेक्षा आम्हाला हे बरे वाटते. अर्थात तपासणाराही चुकू शकतो.

आणखी एक अपेक्षा, ही प्रयोगशाळेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये चॅटजीपीटीत जीपीटी-५ आले तेव्हा त्यात असाच वाटाड्या बसवलेला होता. पहिल्याच दिवशी तो काही काळ बंद पडला आणि त्यामुळे मॉडेल प्रत्यक्षाहून मंद वाटले, असे कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच सांगितले. कोणते मॉडेल उत्तर देत आहे हे अधिक स्पष्ट करू, असेही आश्वासन दिले. विद्यार्थ्याने एक वाचन एका तापमापीने आणि दुसरे दुसऱ्याच तापमापीने घेतले व वहीत ते लिहिले नाही, तर आपण तो प्रयोग मान्य करतो का? टर्मिनलवरच्या मदतनिसाला तर प्रत्येक उत्तरावर मॉडेलचे नाव छापणे अगदीच सोपे आहे. ज्यात ते छापता येत नाही आणि वाटाड्याला बाजूला सारून स्वतः मॉडेल निवडता येत नाही, असा मदतनीस शाळेत घेऊ नये, असे आम्ही सुचवू.

मराठी वाटाड्या घडवणे आवाक्याबाहेरचे नाही. प्रश्नांची वर्गवारी करणे हेच तर त्याचे काम, आणि मराठी मजकुराच्या वर्गवारीसाठी पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाचे महाबर्ट हे मॉडेल २०२२ पासून खुले आहे. कमतरता आहे ती खुणा केलेल्या मराठी प्रश्नांची. वरच्या वर्गातील मुलांनी शंभरेक प्रश्न गोळा करून प्रत्येकापुढे दोन रकाने भरावेत: प्रश्न किती अवघड, आणि उत्तर चुकले तर नुकसान किती. ज्या प्रश्नांत हे दोन रकाने जुळणार नाहीत, ते वेगळे काढून ठेवावेत. वाटाड्याची परीक्षा घ्यायची ती त्याच प्रश्नांवर.