कातडीचा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही

तैलरंगात चेहरा रंगवायला शिकू लागलात, की यूट्यूब तुम्हाला लवकरच ‘झॉर्न पॅलेट’पाशी आणून सोडतं. पांढरा, पिवडी म्हणजे यलो ऑकर, शेंदरी लाल आणि काळा. बस, चारच रंग. स्वीडनच्या अँडर्स झॉर्नच्या १८९६च्या आत्मचित्रात त्याच्या हातातल्या पॅलेटवर हेच रंग दिसतात, म्हणून हे नाव. त्याने जन्मभर एवढेच रंग वापरले असं नाही, पण चेहऱ्याला ते पुरतात.

माझी तक्रार या रंगांबद्दल नाही, ते शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. मी पाहिलेल्या बहुतेक व्हिडिओंत समोरचा चेहरा गोरा असतो आणि उजेड दाखवायचा म्हणजे पांढरा मिसळायचा. शिरूरच्या कांद्याच्या वावरातला किंवा दौंडच्या फलाटावरचा चेहरा असा रंगवून बघा, राख फासल्यासारखा दिसेल. कारण पांढरा रंग नुसता उजळ करत नाही. तो मिश्रण थंड करतो आणि त्यातला जिवंतपणाही मारतो.

दौंडच्या आत्याला खिडकीशी बसवून मी तिचं चित्र केलं. कपाळावरचा उजेड पिवडी आणि लाल यांतून आणला. पांढरा जवळपास फक्त नाकाच्या शेंड्यावर. काळ्यात पिवडी मिसळली की शेवाळी छटा येते. लालसर गालाशेजारी तीच सावली वाटते. काळा-पांढरा मिसळून केलेला राखाडी तिच्या तांबूस मानेजवळ चक्क निळसर दिसतो. मी दिवसभर कोड लिहितो. तिथे रंग म्हणजे तीन ठरलेले आकडे. इथे रंगाची किंमत शेजारचा रंग ठरवतो. मर्यादित पॅलेटचा खरा धडा हाच.

हा धडा आपल्याकडे नवा नाही. सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर यांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. ते जलरंगातलं आहे, माध्यम वेगळं. पण दिव्यावर आडोसा धरलेल्या त्या बाईची बोटं पाहा. उजेड पांढरा होऊन नाही, लालबुंद होऊन बोटांतून येतो.

तरीही दुकानात ‘फ्लेश टिंट’ नावाची गुलाबी ट्यूब मिळते. कुणाचं फ्लेश, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. लग्नाच्या बायोडेटात ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ असे रकाने आपण भरतोच, आणि मोबाईलचा ब्यूटी फिल्टर न विचारता चेहरा उजळवतो. चित्र पाहून आत्याही म्हणाली, “लई काळी काढलीस की रे. जरा उजळ कर.”

मी केलं नाही. तिला गोरं करायला दोन मिनिटं पुरली असती, नुसता पांढरा लागला असता. तिचा सावळा रंग आणायला मात्र चारही रंग आणि चार रविवार लागले होते. शिकवणाऱ्यांनी चार रंगांची यादी देण्याआधी समोर एक सावळा माणूस बसवावा. पॅलेट आपोआप समजेल.