प्रतिपुरुष आणि चोर : ‘बॉल्डर्स गेट २’मधील पात्रनिवडीचा विचार

१

चोराच्या व्यक्तिरेखेचा तौलनिक अभ्यास बहुतांशी कथा, नाटक आणि लोकसाहित्य या तीन क्षेत्रांपुरता मर्यादित राहिलेला दिसतो. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९२३ साली भारतीय कथावाङ्मयातील चौर्यकलेवर लिहिलेला निबंध हा या अभ्यासातील एक ठळक टप्पा. अशा अभ्यासात चोर हा नेहमीच लेखकाने घडवलेला आणि वाचकाने दुरून पाहिलेला असतो. त्याच्या कौशल्याचे कौतुक करायचे की त्याच्या कृत्याचा निषेध करायचा, एवढाच पर्याय वाचकापुढे राहतो. संगणकावरील भूमिका-खेळांनी ही स्थिती मुळातूनच बदलली. तेथे कथा सुरू होण्यापूर्वीच खेळाडूला विचारले जाते, की तो कोण होणार : योद्धा, मांत्रिक, पुरोहित की चोर? या प्रश्नाला ‘चोर’ असे उत्तर देणारा खेळाडू नेमके काय स्वीकारतो, आणि तसे उत्तर न देणारा काय टाळू पाहतो, हा प्रश्न साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

कॅनडातील बायोवेअर या संस्थेने घडवलेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला ‘बॉल्डर्स गेट २ : शॅडोज ऑफ ॲम्न’ हा खेळ या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. त्यातील चोराची निवड वरवर पाहता आकडेमोडीची बाब वाटते. प्रत्यक्षात मात्र कथानकातील एका मोठ्या विश्वासघाताचा धागा या आकडेमोडीशी जोडलेला आहे. आणि तो धागा चोर होणाऱ्यापेक्षा चोर न होणाऱ्याला अधिक घट्ट बांधतो.

२

या चोराची वंशावळ थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-फाशांचा खेळ १९७४ साली निघाला, तेव्हा त्यात योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित असे तीनच वर्ग होते. चोर आला तो १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून. त्याच्यामागे साहित्यातील पूर्वज उभे होते. टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ (१९३७) मधील बिल्बो हा घरफोड्या म्हणूनच मोहिमेवर नेला जातो. फ्रिट्झ लायबर यांचा ग्रे माउझर १९३९ पासून कथांमधून वावरत होता. गायगॅक्स यांनी १९७९ साली खेळाच्या प्रेरणास्थानांची जी यादी छापली, तीत या दोन्ही लेखकांचा समावेश आहे.

पण कथेतून खेळात येताना चोरात एक मूलगामी बदल झाला. त्याचे कसब सुटे करून, टक्केवारीत मोजून, कोष्टकात मांडले गेले : कुलूप उघडणे, सापळा निकामी करणे, खिसा कापणे, पाऊल न वाजवता चालणे, सावलीत दडणे. कोष्टक आले तशी कौशल्यावर मालकीही आली. दबक्या पावलांनी चालणे ही गोष्ट एका वर्गाच्या नावे लिहिली गेल्यावर इतर वर्गांचा तिच्यावरील हक्क आपोआप संशयास्पद ठरला. दुसरी बाब याहून महत्त्वाची. भुयारातील कुलपे फार पूर्वी मेलेल्या राजांची किंवा राक्षसांची असतात. त्यामुळे हा चोर बहुतेक वेळा कोणाचेच काही चोरत नाही. चौर्याचे कसब त्याच्याकडे राहते, पण ज्याचे काही गेले असा माणूस समोर नसतो.

३

‘बॉल्डर्स गेट २’ याच नियमपरंपरेच्या दुसऱ्या आवृत्तीवर आधारलेला आहे. येथे चोराची कौशल्ये सात आहेत. वर दिलेल्या पाचांत भासाचा भेद करणे आणि स्वतः सापळे लावणे या दोहोंची भर पडते. कथेच्या आरंभीच पात्राच्या गाठीशी ८९,००० अनुभवगुण असल्याने चोर थेट आठव्या पातळीवर कथेत प्रवेश करतो, आणि पुढे प्रत्येक पातळीला त्याला वाटून टाकण्यासाठी २५ गुण मिळतात. उपवर्ग निवडल्यास हिशेब बदलतो. मारेकऱ्याला १५ च गुण मिळतात, पण त्याचा पाठीतला वार सातपटीपर्यंत जातो. ‘बाउंटी हंटर’ला २० गुण आणि खास सापळे मिळतात. ‘स्वॅशबकलर’ला गुण पूर्ण २५ मिळतात, तो समोरासमोरच्या लढतीत सरस ठरतो, मात्र पाठीत वार करण्याची सवलत त्याला सोडून द्यावी लागते.

या निवडीत नीतीचा प्रश्न कोठेही उघडपणे विचारला जात नाही. तरीही तो प्रत्येक आकड्यात दडलेला आहे. कुलपे आणि सापळे यांवर गुण खर्चणारा खेळाडू आपल्या चोराला सोबत्यांचा सेवक करतो. सावली आणि पाठीतला वार यांवर खर्चणारा त्याला शिकारी बनवतो. खिसे कापण्यावर खर्चणारा मात्र थोडा एकटा पडतो, कारण या कौशल्याचा बळी भुयारातला मृत राजा नसून ॲथकाटला शहरातला जिवंत नागरिक असतो. मराठीत ‘पाठीत खंजीर खुपसणे’ हा वाक्प्रचार विश्वासघाताचाच वाचक आहे. खेळात तीच क्रिया एक गुणाकार होऊन बसते आणि तिच्यातील विश्वासाचा अंश गळून पडतो. ज्याने कधी विश्वास ठेवलाच नव्हता, त्या शत्रूच्या पाठीत केलेला वार हा केवळ कोन साधण्याचा प्रश्न उरतो.

४

येथे संस्कृत साहित्यातील चोराशी तुलना केल्यास दोन्ही परंपरांवर प्रकाश पडतो. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’तील अपहारवर्मा चम्पानगरीतील कृपणांना संपत्तीची नश्वरता पटवून देण्यासाठी चोरीला निघतो, तेव्हा त्याच्या साहित्याची तपशीलवार यादी दिली जाते. तीत कातर आहे, सांडस आहे, मापाची दोरी आहे, भिंतीच्या भोकातून आधी आत सारायचे माणसाचे खोटे डोके आहे, दिवा विझवणाऱ्या किड्यांची डबीही आहे. पात्राला मोहिमेपूर्वी सज्ज करण्याची ही रीत आजच्या खेळाडूला मुळीच परकी वाटणार नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील शर्विलक तर आपल्या कसबाचा शास्त्रकारच आहे. कार्तिकेयाला वंदन करून तो भिंत पाहतो, खिंडाराचा आकार निवडतो, मापाची दोरी विसरल्याचे ध्यानात येताच यज्ञोपवीताने माप घेतो. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत मृच्छकटिका’मुळे हा ब्राह्मण चोर मराठी रंगभूमीच्या परिचयाचा झाला.

खिंडार पाडून झाल्यावर शर्विलक स्वतः लगेच आत शिरत नाही. तो आधी ‘प्रतिपुरुष’ आत सारतो, म्हणजे माणसाच्या जागी उभे केलेले बाहुले. कोणी जागे असेल तर घाव त्या बाहुल्यावर पडावा, ही त्यामागील योजना. भूमिका-खेळातील पात्राचे स्वरूप सांगण्यास याहून नेमका शब्द सापडणे कठीण आहे. खेळाडू आपण होऊन जेथे जाणार नाही, तेथे तो आपला प्रतिपुरुष पाठवतो. डाव आधी जतन करून ठेवण्याची सोय हीसुद्धा याच योजनेचा विस्तार होय. खिसा कापताना हात पकडला गेला तर जतन केलेला क्षण पुन्हा उघडता येतो; घाव सोसलेले बाहुले टाकून देऊन नवे आत सारता येते.

परंतु शर्विलकाच्या नाटकात प्रतिपुरुषाने टळलेला घाव दुसऱ्याच कोणावर तरी पडतो. दागिने चोरीस गेले यावर जग विश्वास ठेवणार नाही, दरिद्री माणसाने ते पचवले असेच म्हटले जाईल, ही चारुदत्ताची खरी वेदना आहे. आणि त्याची लाज राखण्यासाठी धूता आपली रत्नावली काढून देते. मदनिकेला दास्यातून सोडवण्यासाठी केलेली चोरी तिच्याच मालकिणीच्या ठेवीची निघते. चोरीची किंमत कोणीतरी मोजतेच, हे शूद्रकाला ठाऊक आहे. कोष्टकातल्या चोराला ते ठाऊक असण्याची सोय नाही.

५

‘बॉल्डर्स गेट २’चे मोठेपण असे, की कोष्टकाने पुसून टाकलेली ही किंमत त्याचे कथानक वेगळ्या वाटेने परत आणते. जो खेळाडू चोर निवडत नाही, त्यालाही चोर लागतोच. कुलपे आणि सापळे त्याची वाट अडवून असतात. आयरेनिकस या मांत्रिकाच्या ज्या तळघरात कथा सुरू होते, तेथेच योशिमो हा हसतमुख ‘बाउंटी हंटर’ त्याला भेटतो. खेळाच्या मूळ आवृत्तीत संपूर्णपणे चोर असलेला सोबती हा एवढाच. बालपणापासूनची सोबतीण इमोएन पहिल्या भागात चोर होती. येथे ती मांत्रिक झालेली आहे आणि चोरपण तिच्या भूतकाळात गेले आहे. उमराव घराण्यातील नालियाने थोडेफार कसब शिकून वाट बदलली आहे. जॅन जॅन्सन चोर आहे, पण तितकाच मायावी मांत्रिकही. त्यामुळे योशिमोला सोबत घेणे हा सर्वांत स्वाभाविक निर्णय ठरतो.

पुढे स्पेलहोल्ड येथे उघड होते, की योशिमो आरंभापासून आयरेनिकसच्या मंत्रबंधनात अडकलेला होता आणि त्याने साऱ्यांना ठरवून तेथवर आणले आहे. या घटनेची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. सापळे शोधण्याचे गुण कितीही असले तरी हा सापळा सापडत नाही, कारण सापळे शोधण्यासाठी ज्याला सोबत घेतले तोच सापळा आहे. येथे फासे पडत नाहीत. डाव जतन केलेला असला तरी उपयोग नाही, कारण चूक शेवटच्या क्षणाची नसून कित्येक तासांच्या सहवासाची आहे. आकडेमोडीत ‘पाठीतला वार’ या शब्दांतून गळालेला विश्वासाचा अंश या एका प्रसंगात पुरता परत येतो. वाक्प्रचार आपला मूळ अर्थ वसूल करून घेतो.

उलटपक्षी, जो खेळाडू स्वतः चोर झाला, त्याला योशिमोची निकड भासत नाही. तो त्याला सोबत न घेता पुढे गेला, तर हा घाव त्याच्या वाट्याला येतही नाही. पात्रनिवडीच्या पडद्यावर याची कोणतीही सूचना नसते. आपल्या वाटचे चोरपण दुसऱ्यावर सोपवून निष्कलंक राहू पाहणाऱ्या शूराला कथा जबर किंमत मोजायला लावते. ते चोरपण स्वतःकडे घेणाऱ्याला मात्र ती तुलनेने मोकळे सोडते.

असे असूनही चोर सुटतो असे नाही. त्याच्यासाठी कथेने वेगळी परीक्षा राखून ठेवली आहे. मेव्हार या फितुराचा निकाल लावल्यानंतर चोर-खेळाडूला ॲथकाटलामधील चोरसंघाचे एक घर चालवायला मिळते. हाताखालच्या चोरांना कोणती कामे द्यायची, किती धोका पत्करू द्यायचा, हे ठरवायचे आणि ठरावीक मुदतीने वरिष्ठांना सोने पोचवायचे. सावलीत एकट्याने वावरणारा माणूस येथे मुकादम होतो. आता खिंडारातून आत सारायची बाहुली म्हणजे त्याच्या हाताखालची माणसे. प्रतिपुरुष पाठवणारा हात प्रथमच खेळाडूला स्वतःचा म्हणून दिसतो.

६

शर्विलक नाटकाच्या उत्तरार्धात चोरी मागे टाकून आर्यकाच्या राज्यक्रांतीत उतरतो. अपहारवर्म्याच्या चोरीला तत्त्वज्ञानाची ढाल आहे. दोघांच्याही बाबतीत चोर होणे ही लेखकाने दिलेली आणि यथावकाश परत घेतलेली भूमिका आहे. संगणक-खेळातील चोर हा निवडलेला असल्याने त्याचे समर्थनही निवडणाऱ्यानेच शोधायचे असते. बहुतेक खेळ हा भार कोष्टकावर ढकलून खेळाडूला मोकळे करतात. ‘बॉल्डर्स गेट २’ तसे करताना दिसतो, पण कथेच्या मध्यावर तो भार पुन्हा त्याच्या पदरात टाकतो. चोराच्या तौलनिक अभ्यासाला या माध्यमाने घातलेली भर ती हीच : चोर कोण, या प्रश्नाबरोबरच चोरी कोणाकरवी करवून घेतली, हा प्रश्नही आता वाचकाला टाळता येत नाही.