आकांक्षा आणि संनिधी : ‘सायबरपंक २०७७’च्या प्रतीक्षेची भाषा

जी कृती अद्याप अस्तित्वात आलेली नाही तिची समीक्षा संभवत नाही, हे समीक्षाव्यवहारातील एक मूक गृहीतक आहे. ग्रंथ छापून हाती यावा, नाटक रंगभूमीवर यावे, मग टीकाकाराने तोंड उघडावे, ही रीत योग्यच होय. परंतु व्हिडिओ गेमच्या आधुनिक व्यवहारात ही रीत अपुरी पडू लागली आहे. वॉर्सा येथील ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या संस्थेने ‘सायबरपंक’ नावाच्या खेळाची पहिली घोषणा मे २०१२ मध्ये केली आणि तो खेळ १० डिसेंबर २०२० रोजी प्रसिद्ध झाला. या साडेआठ वर्षांत लोकांसमोर खेळ नव्हता. होती ती केवळ घोषणावाक्ये, ट्रेलर, निवेदने आणि दिलगिरीची पत्रके. तथापि प्रकाशनापूर्वीच ८० लाखांहून अधिक प्रतींची आगाऊ खरेदी झाली होती. ज्या मजकुराच्या बळावर इतका मोठा व्यवहार घडतो, तो मजकूर केवळ जाहिरात म्हणून दुर्लक्षावा काय? विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त परस्परसंबद्ध वाक्यांच्या समुच्चयाला ‘महावाक्य’ म्हटले आहे. या साडेआठ वर्षांच्या निवेदनांना तसे एक महावाक्य मानले, तर त्याचा अन्वय कोठे लागला आणि कोठे तुटला हे तपासणे भाषाभ्यासकाचे काम ठरते.

प्रथम या खेळाच्या प्रकाराविषयी थोडे. माइक पॉन्डस्मिथ यांनी १९८८ मध्ये रचलेल्या, टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळावर ‘सायबरपंक २०७७’ आधारलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ‘नाइट सिटी’ या कल्पित नगरात खेळणारा ‘व्ही’ नामक व्यक्तीची भूमिका घेतो. व्हीचे रूप, स्वभाव, संवादातील उत्तरे यांची निवड त्याच्याकडे असते. अशा खेळाला भूमिकाप्रधान खेळ म्हणतात. आणि ठरावीक टप्प्यांच्या वाटेने न जाता नगरात मन मानेल तिकडे हिंडता येते म्हणून त्याला ‘ओपन वर्ल्ड’ किंवा मुक्तविश्वाचा खेळ असेही म्हणतात. हे ‘हिंडता येणे’ पुढील विवेचनात फार महत्त्वाचे आहे.

१० जानेवारी २०१३ रोजी या खेळाची पहिली चित्रफीत आली. तिच्या अखेरीस जे अक्षर उमटले त्याचा आशय ‘येत आहे : तयार होईल तेव्हा’ असा होता. मूळ इंग्रजी रचनेतील मुख्य भागात कर्ता नाही आणि पूर्ण क्रियापदही नाही. केवळ एक धातुसाधित आहे. आपल्याकडील चित्रपटगृहांच्या फलकावरील ‘लवकरच येत आहे’ या वाक्याशी त्याचे नाते उघड आहे. मात्र फलकावरील ‘लवकरच’ हा शब्द येथे वगळून त्याच्या जागी एक अट घातली आहे. मराठी भाषकाने हेच सांगावयाचे ठरविले असते तर त्याला ‘तयार झाला तर येईल’ आणि ‘तयार झाला की येईल’ यांतून निवड करावी लागली असती. पहिल्या वाक्यात तयार होण्याविषयी शंका आहे. दुसऱ्यात तयार होणे गृहीत असून केवळ क्षण अनिश्चित आहे. संस्थेचे वाक्य निःसंशय दुसऱ्या जातीचे होते. शिवाय श्रोत्याने त्यातून एक न उच्चारलेला अर्थही काढला : तयार होईल तेव्हाच येईल, त्यापूर्वी येणार नाही. हा ‘च’ मूळ वाक्यात नव्हता. परंतु याच संस्थेच्या ‘द विचर ३’ने मे २०१५ मध्ये जी कीर्ती मिळविली तिच्यामुळे तो ‘च’ ऐकू येऊ लागला, आणि संस्थेनेही तो कधी नाकारला नाही.

पुढे ९ जून २०१९ रोजी लॉस एंजेलिस येथे अभिनेते कियानू रीव्ह्‌ज यांनी व्यासपीठावरून तारीख जाहीर केली : १६ एप्रिल २०२०. येथे वाक्याची जातच पालटली. ‘येईल’ आणि ‘येणार’ यांतील भेद मराठी भाषकाला शिकवावा लागत नाही. ‘पाऊस येईल’ हे अनुमान, ‘पाहुणे येणार’ हा ठरलेला बेत. आतापर्यंतचे वाक्य ‘येईल’च्या मुलखातले होते, आता ते ‘येणार’ झाले. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मधील आपल्या व्याख्यानांत ज्या कृतिरूप उक्तींची चर्चा केली, त्यांत वचन देणे हे ठळक उदाहरण होते, आणि तारखेचे वाक्य हे अशा वचनाच्या अगदी जवळचे आहे. विशेष असे की, तारीख दिल्यावरही जुने सशर्त वाक्य मागे घेतले गेले नाही. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली की ‘तयार होईल तेव्हाच येईल’ आणि ‘१६ एप्रिलला येणार’ यांतून एकच निष्कर्ष निघतो : त्या दिवशी खेळ तयार असेल.

तारीख तीनदा बदलली. जानेवारी २०२० मध्ये १७ सप्टेंबर, जूनमध्ये १९ नोव्हेंबर, आणि २७ ऑक्टोबरला १० डिसेंबर. सामान्य तर्क असा की, वचन मोडत गेले तसा विश्वास उडावयास हवा होता. घडले ते बव्हंशी उलट. प्रत्येक विलंब जुन्या वाक्याच्या आधारे वाचला गेला : ज्या अर्थी लांबले त्या अर्थी संस्था आपल्या पहिल्या शब्दाशी इमान राखीत आहे. मोडलेल्या ‘येणार’ने न मोडलेल्या ‘तेव्हाच’ला बळ दिले. म्हणूनच चौथी तारीख पाळली गेली तेव्हा तिचा अर्थ केवळ ‘आला’ असा न होता ‘तयार होऊन आला’ असा झाला.

ऑक्टोबरातील निवेदनात एक शब्दार्थविषयक युक्तीही आढळते. त्या महिन्याच्या आरंभी संस्थेने खेळ ‘गोल्ड’ झाल्याचे सांगितले होते. या व्यवसायात तो शब्द मूळप्रत सिद्ध झाली या अर्थाने वापरतात आणि सामान्य वाचक त्याचा अर्थ ‘काम संपले’ असा घेतो. तीन आठवड्यांनी विलंब कळविताना त्याच शब्दाची नवी व्याख्या देण्यात आली : गोल्ड म्हणजे खेळ पूर्ण असून शेवटपर्यंत खेळता येतो, पण काम थांबले असे नव्हे. व्याख्या व्यवसायाच्या दृष्टीने चुकीची नव्हती. मात्र शब्द लोकांपुढे टाकताना ती सांगितली गेली नाही. अडचण आल्यावर सांगितली गेली. ‘तयार’ या पहिल्या वाक्यातील शब्दालाही त्यामुळे गळती लागली, याची दखल त्या वेळी फारशी घेतली गेली नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयाचे. प्रकाशनानंतर, विशेषतः प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर, खेळ इतका सदोष निघाला की डिसेंबर संपण्यापूर्वीच सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला २१ जून २०२१ रोजी. या अपेक्षाभंगाची चर्चा करणारे दोन पक्षांत विभागले गेले. एकाच्या मते निर्मात्यांनी फसविले. दुसऱ्याच्या मते खेळणाऱ्यांनी भलत्याच आशा बाळगल्या. हा वाद नवा वाटला तरी भारतीय शब्दविचाराला तो परका नाही. वाक्यार्थबोधास आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी लागतात हे सर्वमान्य आहे. परंतु आकांक्षा राहते कोठे? विश्वनाथाच्या मते ती श्रोत्याची जिज्ञासा होय. अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’त केलेले लक्षण निराळे आहे : एका पदाला दुसऱ्या पदावाचून अन्वय लागू नये, ही आकांक्षा, म्हणजे ती पदाच्या ठिकाणी आहे. खेळणाऱ्यांना दोष देणारा पक्ष नकळत विश्वनाथाच्या बाजूला उभा राहतो. प्रस्तुत प्रकरणात अन्नंभट्टाचे लक्षण अधिक जुळते, असे म्हणावयास आधार आहे.

तो आधार या खेळप्रकाराच्या घडणीतच सापडतो. चित्रपटाच्या ट्रेलरमध्ये दार दिसले तर ते दार असते. मुक्तविश्वाच्या खेळाच्या ट्रेलरमध्ये दिसलेले दार ‘उघडता येते’ असे एक विधान असते. डोंगर म्हणजे ‘चढता येतो’, गाडी म्हणजे ‘चालविता येते’, वाटसरू म्हणजे ‘त्याच्याशी बोलता येते’. या प्रकारात प्रत्येक दृश्य नाम आपल्यापाठी एक शक्यार्थी क्रियापद ओढून आणते, कारण ‘हिंडता येते’ हीच त्या प्रकाराची व्याख्या आहे. मग श्रोता त्या क्रियापदाची वाट पाहत बसला तर तो त्याचा हावरेपणा नव्हे. पदच अपुरे उच्चारले गेले आहे. १० जून २०१८ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ‘एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतील सहाव्या खेळाची जी चित्रफीत बेथेस्डाने दाखविली तिच्यात काही सेकंद उडत्या दृष्टीने दिसणारे डोंगर, किनारा आणि नाव एवढेच होते. एवढ्यावर लोक किनाऱ्याची वळणे पूर्वीच्या खेळांच्या नकाशांशी ताडू लागले. एक ‘आण’ ऐकून काय आणावे याची यादी करण्यासारखेच ते होते. पण ‘आण’ कोणी तरी म्हटले होते.

‘सायबरपंक’चा मोठा ट्रेलर त्याच दिवशी त्याच शहरात दाखविला गेला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये प्रत्यक्ष खेळाचे ४८ मिनिटांचे चित्रण प्रसिद्ध झाले. त्यावर हे काम अपूर्ण असून अंतिम रूप निराळे असू शकेल अशी सूचना होती. ही सूचना प्रामाणिक होती, परंतु व्याकरणदृष्ट्या दुबळी. चित्रण वर्तमानकाळात बोलते. सूचना भविष्याविषयी एक शक्यता नोंदविते. समोर घडणारी क्रिया आणि कोपऱ्यातील ‘कदाचित’ यांत मन कोणाचे ऐकणार? त्या चित्रणातील, पात्यांच्या साह्याने भिंतीवर झेप घेण्याची युक्ती पुढे वगळण्यात आली. २०२० मध्ये तसे सांगितलेही गेले; मात्र वगळल्याचे निवेदन मूळ चित्रणाइतके दूर पोहोचत नाही, हा सर्वच दुरुस्त्यांचा अनुभव आहे.

योग्यतेचा प्रश्न याहून गंभीर होता. ‘अग्नीने शिंपतो’ या वाक्यात व्याकरण निर्दोष आहे, पण शिंपण्याची योग्यता अग्नीत नाही. म्हणून बोध होत नाही. २०१३ मध्ये बाजारात आलेल्या यंत्रांवर हे नगर चालविणे हे वाक्य अशाच जातीचे निघाले. फरक इतकाच की, अग्नी शिंपू शकत नाही हे श्रोत्याला स्वतः ठाऊक असते. येथे योग्यता तपासण्याचे साधन केवळ वक्त्याच्या हाती होते. परीक्षकांना प्रकाशनापूर्वी संगणकावरील आवृत्तीच देण्यात आली आणि स्वतः टिपलेले चित्रण परीक्षणासोबत दाखविण्यास मनाई होती. १४ डिसेंबर २०२० च्या पत्रकात संस्थेने जुन्या यंत्रांवरील खेळ प्रकाशनापूर्वी न दाखविल्याबद्दल क्षमा मागितली. साडेआठ वर्षांच्या महावाक्यातील हे बहुधा सर्वांत नेमके वाक्य होय : दोष जे बोलले गेले त्यात थोडा, जे बोलण्याचे टाळले त्यात अधिक. ‘फसविले’ हा आरोप सरसकट टिकत नाही, पण या एका जागी त्याला उत्तर देणे कठीण आहे.

राहिली संनिधी. पदे प्रहराप्रहराच्या अंतराने उच्चारली तर त्यांचे वाक्य होत नाही, असे तार्किक सांगतात. २०१८ च्या ट्रेलरचा आरंभच मेट्रोगाडीतून प्रवास करणाऱ्या व्हीपासून होतो. २०२० मधील खेळात मेट्रोची स्थानके होती. गाडीत बसता मात्र येत नव्हते. स्थानकावर गेले की पडदा काळा होई आणि खेळणारा दुसरीकडे पोहोचे. ५ डिसेंबर २०२३ रोजी दिलेल्या सुधारणेत मेट्रो खरोखर धावू लागली. खिडकीशी बसून नगर पाहता येऊ लागले. त्यापूर्वी सप्टेंबरात ‘फँटम लिबर्टी’ हा विस्तार आला होता आणि खेळाची लौकिक प्रतिष्ठा बरीचशी सावरली होती. साडेपाच वर्षांनी उच्चारलेल्या या क्रियापदामुळे २०१८ चे वाक्य पूर्ण झाले काय? ज्याने २०२३ नंतर खेळ विकत घेतला त्याच्यापुरते झाले; त्याने दोन्ही पदे लागोपाठ ऐकली. ज्याने २०२० मध्ये स्थानकावर उभे राहून काळा पडदा पाहिला त्याचे वाक्य तेथेच तुटले. त्याला मिळाले ते नवे वाक्य होते, भले अधिक चांगले. संस्था सावरली म्हणून प्रतीक्षेचा इतिहास पुसून टाकणारे लेखन अलीकडे बरेच आढळते. त्यात या दोन श्रोत्यांतील भेद हरवतो.

त्याच संस्थेची नंतरची भाषा पाहण्याजोगी आहे. ‘द विचर ४’चा सहा मिनिटांचा ट्रेलर डिसेंबर २०२४ मध्ये दाखविला गेला, तारीख दिली नाही. मार्च २०२५ मध्ये जे सांगितले गेले ते नकारार्थी होते : २०२६ च्या अखेरपर्यंत हा खेळ प्रकाशित करण्याचा बेत नाही. ‘येणार’ची जागा ‘येणार नाही’ने घेतली, आणि हे वाक्य पाळणे निर्मात्याच्या सर्वस्वी हाती आहे. ३ जून २०२५ रोजी खेळातील कोव्हिर या प्रदेशाचे चित्रण दाखविले गेले तेव्हा ते प्लेस्टेशन ५ या यंत्रावर चालत असल्याचे आवर्जून सांगितले. योग्यतेचा पुरावा यंदा आधी आला. हा खेळ नव्हे, केवळ तंत्राचे प्रात्यक्षिक होय, असेही बजावले गेले. त्या चित्रणात नायिका सिरी एका बंदराच्या गजबजलेल्या बाजारातून चालत जाते. दोन्ही बाजूंस माणसे आहेत, दुकाने आहेत, दारे आहेत.