बहिणाबाईंची रास कन्या?

बहिणाबाई चौधरींची जन्मतारीख २४ ऑगस्ट १८८० अशी दिली जाते. राशीच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये ती टाका, उत्तर येतं ‘व्हर्गो’, म्हणजे कन्या. कष्टाळू, नीटनेटकी, हातातलं काम अर्धवट न टाकणारी. आसोद्याची मुलगी, जळगावातलं शेतीचं घर, ऐन उमेदीत आलेलं वैधव्य, मग आयुष्यभराचे कष्ट. सगळं फिट्ट बसतं, रील करायला तयारच!

पण पाश्चात्त्य सूर्यरास ऋतूंना बांधलेली आहे, आपलं पंचांग ताऱ्यांना. पृथ्वीचा अक्ष हळूहळू सरकत असल्याने दोन्हींत आज सुमारे २४ अंशांचा फरक पडलाय. म्हणून त्याच तारखेला पंचांगातला सूर्य सिंह राशीत असतो. आणि आपल्याकडे ‘तुझी रास कोणती?’ विचारतात ती बहुतेक चंद्राची. इनपुट एक, आउटपुट तीन. असा कोड आमच्या टीममध्ये कुणी पास केला नसता.

माझं खरं भांडण मात्र ‘कष्टाळू’ या शब्दाशी आहे. दारात आलेल्या ज्योतिषाला परत पाठवणारी त्यांची कविता पुन्हा वाचा. तिथे हातावरची धनरेषा धन आणत नाही, ती तळहातच फाडते. (त्यांच्या बोलीत ‘तयहात’.) ती चीर राबण्याने पडलेली आहे, ऑगस्टात जन्मल्याने नाही. अ‍ॅप नेमकं हेच उलटं करतं: परिस्थितीने लादलेलं ओझं ‘स्वभाव’ म्हणून परत तिच्याच नावावर टाकतं.

या कवितेला अंधश्रद्धा निर्मूलनाचं पोस्टर करणारेही घाई करतात. बाई नशीब नाकारत नाही. कपाळावरची कर्माची रेघ कुंकवाखाली लपलेली होती, कुंकू पुसलं तशी ती उघडी पडली, असं तीच सांगते. तिचं म्हणणं एवढंच, की ते वाचायला तिसरा माणूस नको. नऊ ग्रह स्वतःच भिरभिरतायत, ते हिला काय सांगणार? दोन मुलं सुखी राहोत, एवढंच तिचं मागणं, आणि नशीब त्यातच आलं. एका विधवेने आपलं भविष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला दिलेला हा नकार मला कुठल्याही युक्तिवादापेक्षा मोठा वाटतो.

गंमत म्हणजे कन्या राशीच्या जुन्या चित्रांत बाईच्या हातात धान्याचं कणीस असतं. तिथला सर्वांत तेजस्वी तारा आपली चित्रा, लॅटिनमध्ये ‘स्पायका’, म्हणजे कणीसच. माझ्या फोनवरच्या कन्येच्या हातात मात्र काहीच नाही.